पाचच्या ठोक्याला

आमच्या घरात विजेचं फक्त मलाच कळतं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. कारण एकच: मी इंग्रजी शाळेत शिकले.

नवीन मीटर बसला तेव्हा अप्पांनी त्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. "वाच की गं, एवढी फी भरली तुझी." मी वाचून सांगितलं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त. त्या दिवसापासून मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, सगळं दुपारी. आई चटणीसुद्धा घड्याळ बघून वाटायला लागली. आपलं कुणी ऐकतं, याची मला सवय नाही. डोक्यात हवा गेली. पाण्याच्या मोटरला मी टायमर आणून बसवला. पाचला मोटर आपोआप बंद. (घरात सांगायचं राहिलं. मी बोलते कमी.)

लातुरात आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि मोटर लावल्याशिवाय ते गच्चीवरच्या टाकीत चढत नाही. त्या मंगळवारी ते साडेचारला आलं. पाचला मोटर थांबली. खोलीत बसून मी घड्याळ पाहिलं. ठोक्याला पाच! फार समाधान वाटलं.

टाकीत पाणी पडायचा आवाज थांबला तसे बाहेर अप्पा म्हणाले, "गेलं वाटतं पाणी."

"आज लवकरच गेलं," म्हणत आई नळ बंद करून आली.

सहाला शेजारच्या निलूकाकूंची टाकी भरून पाणी धो धो अंगणात पडायला लागलं. अप्पा भिंतीवरून बघतच राहिले. मी बाहेर येऊन टायमरचं कबूल करेपर्यंत आणि अप्पांनी तो उपटून काढेपर्यंत नळ खरोखर कोरडा झाला होता. टाकीत वीतभर पाणी, पुढे आठ दिवस.

"आता तूच जा काकूकडं," आई म्हणाली. "मला तोंड न्हाई."

गेल्या तीन वर्षांत 'आई घरात आहे' यापुढे मी काकूंशी बोलले नव्हते. तरी गेले. तुमच्या हौदातलं पाणी मोटर लावून पाइपने आमच्या टाकीत सोडाल का, विचारलं.

"सोडते की, त्यात काय. पण मोटर उद्या नऊनंतर लावते."

"आत्ता नाही का?"

"आत्ता महाग पडतंय बाई."

"पण मघाशी तर लावली होती."

"नळ आल्यावर लावावीच लागती, एवढी अक्कल हाय आमाला. बाकी सगळं तुझ्या टायमानंच. तुझ्या आईनं आख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय, पोरगी शिकलेली हाय, तिचं ऐका."

तेवढ्याने रुपयाभराचाच फरक पडतो, हे काकूंना समजावता आलं असतं. पण गल्ली आयुष्यात पहिल्यांदाच माझं ऐकत होती. तिला मध्येच थांबवणं जिवावर आलं. मी घागर घेतली आणि त्यांच्या हौदावरून मुकाट्याने चार खेपा केल्या.