ओठांवरची मनाई

आमच्या घरात नव्यानं आलेल्या प्रत्येक सुनेला आणि जावयाला एक गोष्ट ऐकावी लागायची. ती माझी बायको सांगायची. तरुणपणी ती पान खायची, तिच्या खालच्या ओठाला आतून जखम झाली, मी सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट असल्यामुळं मला वेळेवर शंका आली, मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी पान कायमचं बंद करायला सांगितलं आणि तिचा ओठ वाचला. शेवटी माझ्याकडं हात करून ती म्हणायची, "ह्यांच्यामुळं हाय मी." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मी कपातल्या चहाकडं बघायचो.

आता ही गोष्ट ती सांगत नाही. का सांगत नाही, याबद्दल घरात तीन-चार कहाण्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या दोन माझ्या बाजूनं गोड केलेल्या आहेत. म्हणून खरं काय ते मीच लिहून ठेवतो.

मी देवणीकडच्या खेड्यातला, नोकरी लातूरला. बायको नांदेडची. तिचं लग्न खरं तर तिच्या आतेभावाशी व्हायचं होतं. मामाची मुलगी आपल्याकडं हक्काची धरतात, आणि लहानपणापासून दोघांना त्यावरून चिडवलेलं होतं. पण तिचे वडील आणि त्याचे वडील यांचं बांधावरून बिनसलं आणि स्थळ माझ्याकडं आलं. भांडण पुढं मिटलंही. आतेभाऊ लग्नात सगळ्यांत पुढं होता. अर्धापूरच्या बाजूला त्याच्या घरचा पानमळा होता. लग्नाला लागणारी सगळी पानं त्यानंच आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून, टोपलीत भरून.

लग्न लागल्यावर विडा तोडायचा खेळ झाला. नवरीनं विड्याची सुरळी ओठांत धरायची, बाहेरचं अर्धं टोक नवऱ्यानं आपल्या दातांनी तोडायचं. मी धसमुसळेपणा केला, बायका हसल्या. मग तिच्या एका मावशीनं दोघांना तोंड उघडायला लावलं. ज्याचे ओठ जास्त रंगतात त्याच्यावर जोडीदाराचा जीव जास्त, असं मानतात. तिचे ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखे झाले होते. तसेही ते भरलेले होते, वरच्या ओठाची कड कुणी कोरून काढल्यासारखी.

"आगं बाई, नवरीचं तोंड बघा! नवरदेवाचा लई जीव दिसतोय."

"आन् नवरदेवाचं?"

"कोरडंच की! काहीच न्हाई रंगलं."

मग कुणीतरी म्हणालं, "तिचं रंगणारच. आतेभावाच्या मळ्यातलं पान हाय ते."

बायका हसल्या. तीही हसली. मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला आतेभाऊसुद्धा हसला. मीही हसलो असेन. पण माझे पातळ, न रंगलेले ओठ घेऊन मी त्या मांडवातून निघालो, आणि तिच्या ओठांवरचा तो रंग त्याचा आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यात जी बसली ती बसलीच.

लातूरला आमचा संसार सुरू झाला. महिन्या-दोन महिन्यांनी तो एसटीनं यायचा. हातात टोपली, टोपलीत पानं. मला "दाजी" म्हणायचा, तिला "बाई". बहिणीला म्हणतात तसंच. पण मत्सरी माणसाच्या कानाला तेही खपत नाही. बाई म्हणताना तो आवाज का खाली आणतो, याचा मी विचार करत बसायचो. तो आमचा पानाचा पितळी डबा पुढ्यात ओढून पानाच्या शिरा काढायचा, चुना लावायचा, कात टाकायचा, अडकित्त्यानं सुपारी इतकी बारीक कातरायचा की मला त्याच्या बोटांचा राग यायचा. ती विडा तोंडात टाकायची आणि थोड्या वेळानं आरशापुढं जाऊन खालचा ओठ दोन बोटांनी ओढून बघायची.

"रंगला का गं बाई?"

"हाव. लई रंगलाय."

मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचो. पेपरातलं एक अक्षर मला दिसत नसे. त्या दोघांत वावगं काहीही नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मला तिचा संशय नव्हता, हेवा होता. माझ्या हातून तिच्या ओठांना कधी काही रंग आला नाही, एवढंच माझं दुखणं.

मोठी मुलगी दोन-तीन वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. एका दुपारी बायको ओठ उलटा करून माझ्यापुढं उभी राहिली. "बघा हो, काय झालंय. झोंबून राहिलंय."

मी पाहिलं. चुना जास्त झाल्यानं पोळलं होतं. पांढरा पापुद्रा आला होता, चार दिवसांत गेला असता. दवाखान्यात अशी तोंडं मी रोज बघत होतो. तसं सांगायला मी तोंड उघडलंही. पण कोपऱ्यात टोपली दिसली. तो सकाळीच येऊन गेला होता.

"डॉक्टरांना विचारतो," मी म्हणालो.

डॉक्टरांना मी काहीही विचारलं नाही. संध्याकाळी घरी आलो, चप्पल काढली आणि म्हणालो, "पान बंद. कायमचं. नाहीतर ओठ कापावा लागेल म्हणाले."

तिनं खेळणाऱ्या पोरीला जवळ ओढलं. तिनं दुसरं काही विचारलं नाही, फक्त एवढंच, "पोरीचा मुका घेतला तर चालंल का?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "चालेल."

पुढच्या खेपेला आतेभाऊ आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं उघडलेली टोपली पुन्हा फडक्यानं झाकली. मग टोपली उचलून निघाला, चहासुद्धा न घेता. त्यानंतर तो लग्नकार्याला तेवढा भेटायचा. मी जिंकलो होतो. पितळी डबा माळ्यावर गेला, तिच्या ओठांचा रंग महिन्याभरात उतरला.

आरशापुढं जाणं मात्र थांबलं नाही. रोज सकाळी ती ओठ ओढून बघायची. आधी रंग बघायची, आता रोग बघू लागली. थंडीत ओठ फुटले की तिचं जेवण उडायचं. "पुन्हा झालं का हो ते?" मी बघायचो आणि म्हणायचो, "काही नाही, तूप लाव." माझं हे उत्तर खरं असायचं आणि तिला त्याचा केवढा आधार वाटायचा! वर्षांमागून वर्षं तिनं आपल्या ओठांकडं भीतीनंच पाहिलं. हे मी शेजारी उभं राहून बघितलं. एका वाक्यानं ते थांबलं असतं.

माणूस म्हातारा होतो तेव्हा केस आणि गुडघ्यांबद्दल सगळे बोलतात. ओठांचं कुणी बोलत नाही. ते गुपचूप आटतात. वरच्या ओठाची कोरीव कड आधी पुसट होते, मग लालसर भाग आत आत जातो, कोपरे खाली येतात. वरून बारीक उभ्या रेघा उतरतात. माझ्या दाढा आणि दात गेल्यावर तर कवळी काढली की माझं तोंड दोरी ओढलेल्या चंचीसारखं दिसतं. नातीनं एकदा विचारलंच, "आजोबा, तुमचे ओठ गेले कुठं?" तिचे आजीसारखे आहेत.

बायकोचेही पातळ झाले, फिके झाले. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो, मला जरा बरं वाटलं. आता आम्ही सारखे दिसू लागलो होतो.

गेल्या वर्षी तिच्या खालच्या ओठावर एक निळसर ठिपका आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तिनं तो पदराआड लपवला. नांदेडच्या मुलीकडं गेलो तेव्हा मुलीच्या नजरेला पडला आणि ती आम्हा दोघांना कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी काचेच्या पट्टीनं ठिपका दाबला. तो नाहीसा झाला, पट्टी काढली तसा परत आला.

"आजी, ही फुगलेली शीर आहे. वयानं ओठाचं कातडं पातळ होतं, आतला आधार कमी होतो, मग अशी शीर वर दिसते. घाबरायचं कारण नाही." मग त्यांनी विचारलं, "पूर्वी ओठाला काय झालं होतं म्हणालात? कुणी तपासलं होतं?"

"ह्यांना इचारा की. ह्यांनीच डॉक्टरला इचारलं होतं."

तिघीही माझ्याकडं बघू लागल्या. मी म्हणालो, "लई जुनं आहे. आता आठवत नाही."

परतीच्या वाटेवर लातूर येईपर्यंत ती म्हणत होती, "ह्या बाईला आधीचं ठाऊक न्हाई. म्हणून काही न्हाई म्हणली." म्हणजे माझ्या खोट्यापुढं खऱ्या डॉक्टरचंही चालेना.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलांनी लातूरला छोटा हॉल घेतला. हार झाले, उखाणे झाले, आणि नातीनं घोषणा केली की आता आजी-आजोबा विडा तोडणार. एवढंच नाही. आजीकडून ऐकलेलं लक्षात ठेवून तिनं आतेभावाला फोन केला होता. तो नांदेडहून बसनं आला होता. हातात टोपली, टोपलीवर ओलं फडकं.

कित्येक वर्षांनी मी त्याच्याकडं जवळून पाहिलं. माझ्याहून वर्षभरानं मोठा. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली. पण ओठ! भरलेले, गुलाबी, कडा शाबूत. दात स्वतःचे. त्या वयाच्या माणसाचे ओठ असे नसावेत. मी हार घालून बसलो होतो आणि लग्नाच्या मांडवातलीच ती जळजळ कवळीखाली पुन्हा पेटली.

नातीनं विडा बायकोपुढं धरला. ती मागं सरकली.

"नको गं बाय. मला मनाई हाय."

"आजी, डॉक्टर म्हणाल्या ना, काही नाही म्हणून?"

"ते आताचं. आधीचं काय? न्हाई बाबा, ह्या वयात ओठ कापून घ्यायचा का?"

तिचा हात ओठावर गेला होता. ठिपका बोटाखाली झाकलेला. आपल्याच लग्नाच्या वाढदिवसाला ती भ्यालेली होती.

"खा," मी म्हणालो. "काही होत नाही."

"तुम्हीच म्हणला होता की."

"डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. चुन्यानं पोळलं होतं. मी खोटं बोललो."

गाणी मोठ्यानं लागली होती. ऐकू गेलं ते आम्हा चौघांनाच. नातीचा विडा धरलेला हात तसाच राहिला. पहिल्यांदा बोलला तो आतेभाऊ.

"म्हंजी माझ्या पानानं झालं नव्हतं?"

मी मान हलवली.

"दाजी, मला वाटलं माझ्या मळ्यातल्या पानानं बाईला लागलं. त्या दिवसापासनं मी पान तोंडात घातलं न्हाई."

म्हणून ते दात. म्हणून ते ओठ. तिच्यासाठी त्यानं पान सोडलं होतं आणि तिला कळूही दिलं नव्हतं. मी तिच्यासाठी काय सोडलं, याचा विचार करून पाहिला. मला काही आठवलं नाही. त्याची माफी मागायला हवी होती, पण त्या घटकेलासुद्धा मला त्याचा हेवाच वाटला.

बायकोनं नातीच्या हातातून विडा घेतला. नातीनं सवयीनं मोबाईल वर केला, कारण आता ती अर्धा विडा ओठांत धरून माझ्याकडं तोंड करणार होती. तिनं तसं केलं नाही. सगळा विडा तोंडात कोंबला, गाल फुगवला आणि उरलेल्या दाढांनी शांतपणे चावू लागली. थोड्या वेळानं रंग आला. तो पूर्वीसारखा ओठांवर थांबला नाही. उभ्या रेघांतून बाहेर पसरला, जमिनीच्या भेगांत पाणी जावं तसा. ती आतेभावाकडं वळली.

"रंगला का, दादा?"

"हाव बाई," तो म्हणाला.

कुणी म्हणतं की मी त्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. मागितली नाही. कुणी म्हणतं की तेव्हा पान सोडलं ते शेवटी बरंच झालं, सुपारी वाईटच असते. असते, पण मी सुपारीसाठी बोललो नव्हतो. त्या आडोशाला मला उभं करू नये.

पंधरा-वीस दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग सुनेकडून तिनं माळ्यावरचा डबा काढून घेतला, चिंचेनं घासला. मुलीच्या धाकानं सुपारीऐवजी बडीशेप घालते. दुपारच्या जेवणानंतर एक विडा. पानं अर्धापूरकडून येतात. आरशापुढं जाते, ओठ ओढते, रंग बघते. तो निळा ठिपका तिथंच आहे. तिचं त्याच्याकडं लक्षही नसतं.

परवा मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "मलाही एक लाव की."

तिनं पानाची शीर काढली, चुना लावला, विडा दुमडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"तुम्हाला मनाई हाय."

"कुणाची?"

"माझी," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.