दिवेलागणीचा बार

कापसाची वात विझल्यावर जो धूर येतो, त्याच्या वासाने ती घटना मला आजही आठवते. घरात निरांजन विझले की मी उठून अंगणात जातो. सूनबाईला वाटते, म्हाताऱ्याला देवाचे वावडे आहे. तसे काही नाही. उभा जन्म पोलिसात गेला, खून, दरोडे, जाळपोळ सगळे पाहिले आणि त्यातले बहुतेक विसरूनही गेलो. हे एक प्रकरण तेवढे विसरता आले नाही. नावे कोणाचीच लिहीत नाही. गेले ते गेले, मागे राहिलेल्यांना उगाच त्रास नको.

तो काळ कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि साऱ्या दलालांची नजर आमच्या वऱ्हाडावर येऊन पडली. परतवाड्याच्या वाटेने, पातूरच्या वाटेने गाड्या येतच राहत. अमरावतीच्या रस्त्यात, झाडांवर, गटारात, जेवणाच्या ताटात कापूस. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा जमादार होतो. सकाळी हजेरी घ्यायची, गस्त नेमायची आणि दिवसभर गाडीवानांची भांडणे सोडवायची, हे आमचे काम. पैसा आला की माणसे चोरांना भितात आणि पोलिसांवर त्यांचा भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक वखारवाल्याने परवाना काढून ठासणीची बंदूक घेतली होती आणि ती धरायला राखणदार ठेवला होता.

या राखणदारांनी आपसात एक रीत पाडली. दिवे लागायच्या वेळी प्रत्येकाने फाटकाबाहेर यायचे, नाल्याकडे तोंड करून गोळीविना, नुसत्या बंदुकीच्या दारूचा एक बार काढायचा आणि लगेच रात्रीसाठी गोळी घालून बंदूक भरायची. बार चोरांना ऐकवायला. पण खरी गंमत पुढे असे. ज्याची बंदूक आधी भरून होई तो शेजारच्याला हाक मारून चिडवी, "काहून रे, झाली का भरून, का आज तशीच उशाले घेतं?" मग हशा पिके. वखारींच्या त्या ओळीत बंदूक लवकर भरणारा तो मर्द, असे ठरून गेले होते. मीही कधी गस्तीवर उभा राहून तो तमाशा पाहिला आहे आणि हसलो आहे.

एका संध्याकाळी असे बार वाजून गेले आणि थोड्याच वेळात एका वखारीचा राखणदार धापा टाकत ठाण्यात आला. म्हणाला, "जमादारसाहेब, चला लवकर. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं जावायाले उडवलं."

मी या म्हाताऱ्याला ओळखत होतो. जातीचा मुसलमान, उमेदीत निजामाच्या पलटणीत शिपाई होता. सगळा बाजार त्याला चाचा म्हणे. डोळे अधू झाल्यावर त्याने आपली राखणदारी जावयाला दिली, बंदूक कशी धरायची, कशी भरायची तेही स्वतःच शिकवले. एकुलती एक मुलगी, जावई आणि म्हातारा, तिघे वखारीमागच्या छपरात राहत.

जाऊन पाहतो तर जावई फाटकाबाहेर पडलेला. बंदुकीचा गज, म्हणजे नळीत दारू ठासायची लोखंडी सळई, त्याच्या हनुवटीखालून आत शिरला होता. जीव गेला होता. म्हातारा जवळ बसून होता, बंदूक मांडीवर, एक हात जावयाच्या कपाळावर. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी. रडत नव्हती. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटले.

खबर देणाऱ्याने वाटेतच मला सारे ऐकवले होते. सकाळी सासऱ्या-जावयाचे कडाक्याचे भांडण झाले. म्हातारा म्हणत होता, ही नोकरी सोड आणि पोरीला घेऊन गावी चल. जावई ऐकेना. संध्याकाळी एकामागून एक दोन बार ऐकू आले, आणि धावत आला तर म्हाताऱ्याच्या हाती बंदूक. सरळ गोष्ट. मात्र खबर ऐकताना मी सांगणाऱ्याचे तोंडही पाहतो. हा माणूस खोटे बोलत नव्हता, पण सांगताना त्याला मजा येत होती. अशा खबरीतले पाहिलेले किती आणि जोडलेले किती, हे तपासावे लागते.

ठाण्यात म्हाताऱ्याला समोर बसवले. विचारले, "चाचा, काय झालं ते सांगा."

"म्या मारला. लिहा."

"कसा मारला?"

"बंदुकीनं."

"किती लांबून? तुम्ही कुठं उभे होता, तो कुठं होता?"

"लिहा तुमच्या मनानं."

"चाचा, फासावर जाल."

"त्याच्यासाठीच तं लिहा म्हनून राहिलो."

माझ्या नाईकाने दौत पुढे ओढली. आरोपी नाकबूल करतो तेव्हा पोलीस कामाला लागतो. तो कबूल करतो तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई होते. पण खून करणारा माणूस, कबुली देताना सुद्धा, थोडेफार तरी आपल्या बाजूचे बोलतो. त्याने शिवी दिली, माझे डोके फिरले, असे काहीतरी. हा म्हातारा स्वतःसाठी एक शब्द बोलत नव्हता. मी नाईकाला दौत झाकायला सांगितली आणि म्हाताऱ्याला कोठडीत ठेवले.

सकाळी पंचांना घेऊन पुन्हा वखारीवर गेलो. बंदूक नीट पाहिली. या बंदुकीत आधी दारू ओततात, तिच्यावर बोळा घालून गजाने ठासतात, मग गोळी, पुन्हा वर बोळा. हे सगळे झाल्यावर घोडा अर्धा चढवायचा आणि त्याखाली पितळी टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते आणि तिची ठिणगी दारूला लागते. टोपी नाही तर बार नाही. म्हणून शहाणा माणूस टोपी सगळ्यात शेवटी लावतो.

बार दोन झाले होते, पण घोडा पडलेला होता आणि त्याच्याखाली एकच फुटकी टोपी चिकटून होती. टोप्यांची पिशवी मयताच्या कमरेला, वर गाठ मारलेली. म्हाताऱ्याने मारले असते तर नवी टोपी लागली असती आणि तिच्यासाठी ही गाठ सोडावी लागली असती. मयताच्या उजव्या तळहाताची कातडी सोलून निघाली होती आणि बोटे दारूने काळी झाली होती. म्हणजे गज त्याच्याच हातात होता, आणि तो नळीवर वाकून ठासत होता. दुसरा बार कोणी उडवलाच नव्हता. तो आपोआप उडाला होता.

पण आपोआप का? हे सांगता आल्याशिवाय माझे कोण ऐकणार? समोर कबूल झालेला आरोपी होता.

मुलीला विचारायला गेलो. ती चुलीपुढे बसली होती, चूल थंड होती. मला पाहून म्हणाली, "एक गेला, दुसरा तुमी घेऊन गेले. आता मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

मी म्हणालो, "बाई, तुझा बाप सुटावा म्हणूनच आलो आहे. दोन्ही बारांच्या वेळी बाप कुठं होता?"

"छपरामागं नमाजले. म्या पानी दिलं होतं. दुसरा बार दबका वाटला, भांडं पडल्यावानी. मंग अब्बा धावले."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"कोनी इचारलं? अन् अब्बाच म्हनून राहिले का म्या मारलं. बापाले खोटं पाडू का?"

मयताच्या कमरेच्या दुसऱ्या पिशवीत मला कापसाचे पुंजके दिसले होते. पंच हसले होते, या बाजारात कापूस नाही सापडायचा तर काय सापडायचे म्हणून. मी तिला विचारले, बंदुकीत बोळा कशाचा घालत होता?

"काथ्याचा. जुन्या दोराचा काथ्या उकलून मीच गोये करून देत होती. या साली शेठनं जुना दोर ठेवलाच नाई, सारा गठ्ठे बांधाले गेला. म्या म्हटलं, आता काय भरता? तं म्हने, एवढा कापूस पडला हाय, बोळ्याले काय तोटा!"

एवढे बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. काय बोलून गेली ते तिच्या ध्यानात आले होते.

त्याच दिवशी पोलीस लाइनीच्या मागे जिल्ह्याच्या साहेबांपुढे मी करून दाखवले. म्हाताऱ्यालाही बेड्यांसकट आणून उभे केले. आधी काथ्याचा बोळा घालून बार काढला. लांब बांबूच्या टोकाला चिमूटभर दारू बांधून ती बाजूला उभे राहून नळीत सोडली. काही झाले नाही. मग कापसाचा बोळा घालून तसेच केले. दारू आत जाते न जाते तोच नळीतून जाळ उठला आणि बांबू माझ्या हातून हिसकला गेला. काथ्याचा घट्ट गोळा अख्खाच्या अख्खा बाहेर पडतो. कापूस फाटतो, त्याचे धुमसते तंतू नळीत राहतात, आणि लगेच वर दारू ओतून ठासायला घेतले की मरण समोरच असते. नळीतून धुराची बारीक रेघ निघत राहिली. विझल्या वातीचा वास.

साहेबांनी बेड्या काढायला सांगितल्या. मला वाटले, म्हातारा आता तरी रडेल, हात जोडेल. तो त्या धुराकडे तोंड करून उभा होता.

म्हणाला, "पलटनीत काथ्या भेटे. काथ्याच काहून, हे म्या कधी इचारलं नाई. ह्याले बी सांगतलं नाई. गज दोन बोटांत धर म्हटलं, तोंड दूर ठेव म्हटलं, बार झाला का वल्ला पोतेरा फिरव म्हटलं. तो घाईत काय ऐकते! कापूस भरू नको, एवढंच नाई म्हटलं. मंग मारला कोनी, जमादारसाहेब?"

कायद्याने तो निर्दोष होता आणि त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

ठाण्याच्या दारात मुलगी त्याला न्यायला आली. सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "मराची एवढी घाई होती तं मले संग घेऊन मरते." मग त्याचा हात धरून त्याला घेऊन गेली.

त्यानंतर बापलेकीने एक काम हाती घेतले. मी ठाण्याच्या पागेतले जीर्ण दोर त्यांना दिले. मुलगी काथ्या उकलून गोळे वळी आणि म्हातारा टोपली घेऊन वखारीवखारीने फिरे. प्रत्येक राखणदाराला ओंजळभर गोळे देई आणि सांगे, कापूस भरू नका, बार झाल्यावर नळी पुसा, थांबा. अकोल्याला जाणाऱ्या गाडीवानांबरोबरही तो टोपल्या पाठवी. सगळे गोळे घेत, सलाम करीत. त्या मुलीच्या तोंडावर मी पहिल्यांदा जरा जीव आलेला पाहिला. एकदा मला म्हणाली, "आनखी एक जरी वाचला, तं हे फुकट नाई गेले."

पुढल्या हंगामात माझी अकोल्याला बदली झाली. तिथेही वखारी, तिथेही दिवेलागणीचा बार. आणि एका संध्याकाळी मला तेच पाहावे लागले. तसाच गज, तसाच सोललेला तळहात, नळीतून तसाच वास. पंचनाम्यात मी मयताची पिशवी उलटी केली. आत काथ्याचे गोळे होते. तिचे वळण मी ओळखले. काही अर्धवट जळालेले होते.

मी त्याच्या सोबत्याला विचारले, "हे कशाला ठेवले होते?"

तो सहज म्हणाला, "चिलमीसाठी, साहेब. काथ्याचा इस्तव लई येळ राहते. बंदुकीत कोन घालते? कापूस हाय ना."

पुढे कामानिमित्त अमरावतीला गेलो तेव्हा त्यांच्या छपरात जाऊन बसलो. मुलगी टोपली पुढ्यात घेऊन गोळे वळत होती. अकोल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. तिने खाली मान घालूनच विचारले, "त्याच्यापाशी आपले गोये होते का?"

"होते," मी म्हणालो. "चिलमीला ठेवले होते."

म्हातारा एवढेच म्हणाला, "त्याच्या घरी कोन हाय?"

"बायको आहे."

मुलीने हातातला गोळा तसाच टोपलीत टाकला.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. तरुण शिपायांपुढे सांगायला मी तपासाचे धडे सांगतो, टोपी पाहा, हात पाहा, कबुलीवर विसंबू नका. ते खरे आहेत. पण मनात जे राहिले ते वेगळे. माणसाला सांगणारा भेटला, हातात वस्तू दिली, तरी तो जवळ पडलेले उचलतो, आणि शेजारचा हसेल म्हणून घाई करतो. त्याला त्या क्षणी कोणी अडवू शकत नाही. पोलीस तर नेहमी नंतरच पोचतो.

त्या दिवशी छपरातून मी उठायला लागलो तर मुलीने थांबवले, जेवून जा म्हणाली. चूल पेटवली. सरपण कमी होते. तिने ती टोपली ओढली आणि वळलेले गोळे एकेक करून चुलीत घातले. विस्तव छान झाला. त्यावर तिने ज्वारीच्या भाकरी भाजल्या आणि आम्हा दोघांना गरम गरम वाढल्या.