व्याह्यांच्या जीपखाली कोणी वाकलं नाही

जुनी गाडी घेताना काय काय बघायचं, हे पहूरच्या एका मिस्त्रीने मला पंधरा दिवस शिकवलं होतं. इंजिन गार असतानाच चालू करून बघ. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर काय ते समज. धूर बघ. पत्र्यावर टकटक कर, आवाज बद्द आला की आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय; गाडी ठोकलेली. मॅट उचल. आणि कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली झोप, चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघ. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, केळीच्या बागेत जायला-यायला जीप हवी होती.

एवढं शिकून मी धुळ्यात काय केलं? चहा प्यालो.

कारण जीप माझ्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांची होती. आठच दिवसांपूर्वी सुपारी फुटली होती. मिस्त्री सोबत यायला तयार होता, पण आबा उखडले. "व्याह्याच्या दारी कोनी मिस्त्री नेतं का?" आमच्याकडे सोयरिक जमली की सोयऱ्याच्या वस्तूला खोट काढत नाहीत. तरी मी बॉनेटला हात घातलाच. व्याही हसून म्हणाले, "आपली घरनीच गाडी शे. बठ्ठं चांगलं शे. त्यामा देखानं काय शे?" आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने हात काढून घेतला. पाव्हण्यांसमोर मला बैल केलं, म्हणून धुमसतच मी शेजारी बसलो. आई मागे, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन. जीप आबांनीच चालवली. नव्वद-शंभर किलोमीटर, वाटेत एकदाही थांबले नाहीत की बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी जीप मिस्त्रीकडे नेली. तो खाली शिरला, लगेच बाहेर आला आणि मलाच आत ढकललं. चेसिस मधोमध कापून जोडलेली होती. वेल्डिंगवर काळा रंग फासलेला, आणि त्या जोडालाच बोट जाईल एवढी फट पडली होती. "ह्या दोन गाड्या हायेत," मिस्त्री म्हणाला. "पुढची येक, मांगची येक. रस्त्यात तुटली असती तं कोनीच वाचलं नसतं." आई मागच्या अर्ध्यात बसली होती.

घरी आलो ते बोंबलतच. व्याह्यांच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला. चोर, खुनी, जे सुचेल ते. आबा ओसरीवर खाली मान घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "मी पाह्यलं व्हतं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली.

"तठीच, व्याह्याच्या दारी पाह्यलं. पिशवी ठेवताना मॅट सरकली, खालचा जोड दिसला. काय बोलू मंग? सुपारी फुटेल व्हती. पोरीचं मोडलं असतं."

माणूस इतका मुका होऊ शकतो? सगळं माहीत असून स्वतःच्या बायको-पोराला त्याच गाडीत बसवून आणू शकतो?

तेवढ्यात बहीण दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "आबा, जीप तं वापस करता येईन. मले तठी देल्यावर वापस आनसान का?"

तासभर मी गाडीसाठी घसा फोडत होतो. असली गाडी हसत हसत गळ्यात मारणाऱ्यांच्या घरात ही जन्मभर राहणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. जीपसाठी मी वही भरली होती. नवऱ्या मुलाची चौकशी म्हणजे त्याचं घर आणि जमीन पाहून आलो, बस्स.

सकाळी आबा एकटेच एसटीने धुळ्याला गेले. संध्याकाळी परतले, पायऱ्यांवर बसले आणि म्हणाले, "मोडून आलो."

आईने पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "आणि गाडीचं?"

आबांनी मान वर केली. "तू आजून गाडीचंच इचारतो?"