ह्या गटातनं एकच

"तू नको बसूस रं," ड्रिलमास्तर म्हणालं.

तंबाखूच्या वखारीतला मोठा काटा. शाळेत काटा न्हाय, म्हणून कुस्तीची पोरं तोलायला आमाला तिकडं नेलतं. समदी पोरं एक एक करून पारड्यात बसून उतरली. माझी पाळी आली तवा वखारीचा दिवाणजी कानडीत म्हणाला, "ब्याडा, ब्याडा." नको म्हणं. दसऱ्याला काट्याची पूजा असती. म्हारवाड्यातलं पोरगं बसलं तर काटा बाटतोय.

मग ड्रिलमास्तर माझ्याभवती फिरलं. हात लावला न्हाय. बाजारात बोकड बघत्यात तसं लांबनंच बघितलं. म्हणालं, "घाला शंभर रत्तलाच्या गटात. अंदाजानं."

मी बोकडावानी ब्यां केलं. पोरं हसली. दिवाणजी बी हसला. मला वाटलं, जिकलो. लोक हसलं की मला जिकल्यागत वाटायचं. खोडच ती.

नकला करायचो मी. हेडमास्तर तपकीर कशी वडत्यात, पोस्टमन सायकलीवरनं कसा उतरतोय. गाव खूश माझ्यावर. माझा बा त्याच वखारीत हमाल. बोचकं काट्याम्होरं टाकून मागं सरायचा, मग दुसरा गडी ते वर चढवायचा. त्याची नक्कल मी कधी केली न्हाय. का, ते तवा कळत नव्हतं.

शंभर रत्तल म्हंजे माझ्यापरास दांडगी पोरं. तालमीच्या लाल मातीत मला सोडलं न्हाय. माझ्या कुस्त्या मागल्या गवतावर लावल्या. माझ्यासंगं लढलेलं पोरगं आडावर आंघोळ करून मगच घरात. तरी दोघांना चीत केलं. तिसरा इनामदाराचा पोरगा. त्यानं मला पाडलं. खरं सांगतो, लबाडी न्हाय त्यात. त्यो चांगला खेळला. मी दुसरा आलो.

बेळगावात समद्या हायस्कुलांच्या कुस्त्या असायच्या. गेल्या साली आमच्या शाळेतनं दर गटातलं दोघं गेलतं. म्हंजे मी जाणार. आक्कानं तिच्या जुन्या लुगड्याचा लंगोट शिवला. गल्लीभर सांगून आली, आमचा धाकला बेळगावला चाललाय.

दुसऱ्या दिशी हेडमास्तरांनी बोलावलं. मी उंबऱ्याभायेर. आत हेडमास्तर, ड्रिलमास्तर आणि संस्कृतचं मास्तर.

"ह्या गटातून एकच पाठवू," हेडमास्तर म्हणालं.

ड्रिलमास्तर हळूच म्हणालं, "सर, बाकीच्या गटातनं दोघं दोघं घेतल्यात."

"तिथं बोर्डिंगात सगळ्यांची एकच पंगत. ह्याला कुठं बसवता?"

झालं. आकडा ठरला.

मी तितंच हुतो. चार हातावर. मला कुणी इच्यारलं न्हाय. अन मी तरी काय बोलणार? कुणाला सांगणार? बाला? बा म्हणाला असता, गप ऱ्हा लेकरा, वखारीतलं काम जाईल माझं.

मग हेडमास्तर हसून म्हणालं, "पण तू ये की आमच्याबरोबर. संध्याकाळी मुलं कंटाळतात. नकला कर. ओसरीवर झोप, तिथंच पान देऊ तुला."

आत्ता कळलं. पैलवान म्हणून गेलो तर पंगतीत बसवाय लागतंय. सोंगाड्याला ओसरी पुरती.

"कर बघू एखादी. ह्यांचीच कर," म्हणून त्यांनी संस्कृतच्या मास्तरांकडं बोट केलं.

तिघं बी हसायच्या तयारीत. अन माझं व्हट आपसूक हलाय लागलं. मास्तरांचा नाकातला सूर जिभेवर येऊन बसलाबी. तवा लाज वाटली. काटा बाटतोय म्हणलं तवा न्हाय, आकडा ठरला तवा बी न्हाय. माझ्याच व्हटांची लाज वाटली मला.

"न्हाय करत."

"काय म्हणालास?"

"न्हाय करत सर. अन येत बी न्हाय."

छडी बसली. दोन्ही हातांवर, मग पोटऱ्यांवर. छडी लांब असती. तिला विटाळ न्हाय.

मोटार गेली. माझ्या जाग्यावर दुसरं कोण गेलं न्हाय. जागा मोकळीच बेळगावला जाऊन आली. आक्कानं लंगोट घडी घालून ठेवला. पोरं अजून मागं लागत्यात, "कर की रं एक." करत न्हाय. त्यांचं काय बिघडलं त्यानं? काय सुदीक न्हाय. दुसरं एक पोरगं करतंय आता नकला.

पुढल्या साली कुस्त्या हाईत. मी उतरणार. पर आधी समद्या पोरांम्होरं हुबा ऱ्हाऊन इच्यारणार, सर, ह्या गटातनं किती घेणार? आकडा फळ्यावर लिवा. दोन लिवा, न्हायतर एकच लिवा. लिवल्याबिगर मी लंगोट लावणार न्हाय. अन कुस्त्या झाल्यावर त्यो आकडा कुणाला पुसू देणार न्हाय.