साडूची केळीगाडी

अख्ख्या तापीकाठी माझ्या साडूइतका परक्याचा शब्द मनाला लावून घेणारा माणूस शोधून सापडायचा नाही. घरच्यांचं तो काही मनावर घेत नाही. बायको, म्हणजे माझी मेहुणी, सकाळी सातपासून त्याला सुनावत असते आणि हा शांतपणे पोहे खात असतो. पण कुठल्याशा गावच्या अनोळखी माणसानं त्याच्या मोबाइलवरच्या खेळाला पाचपैकी एकच तारा दिला, की बशी बाजूला सरकते, चष्मा कपाळावर चढतो, आणि भर मांडवात आपल्यालाच कुणी जेवायला बस म्हटलं नाही अशा चेहऱ्यानं तो विचारतो, "साडूभाऊ, ह्या माणसाचं आपण काय बिघडवलं असेल हो?"

खेळ बनवण्याआधी साडू पेंटर होता. जळगावातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रकच्या पाठीवरचे मोर आणि कमळं, सगळं त्याच्या हातचं. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळायला लागले. त्याच सुमारास भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली तस्नीम नावाची मुलगी त्याच्याकडे आपल्या कॉम्प्युटर क्लासची पाटी रंगवून घ्यायला आली. क्लास चालला नाही, पण पाटी बघायला लोक थांबायचे. ती म्हणाली, "चाचा, तुम्ही चित्रं काढा, मी ती हलवते." एवढ्या एका वाक्यावर दोघांची भागीदारी झाली. मी माझ्या लग्नाच्या वेळी याहून जास्त चौकशी केली होती.

खेळाचं नाव केळीगाडी. रावेरच्या बागेत ट्रक भरायचा, घडांखाली केळीची पानं अंथरायची आणि माल दिल्लीला पोचवायचा. वाटेत स्पीडब्रेकर, खड्डे, शेळ्या आणि एक कायम चालू असलेली वरात. गाडी जास्त उडाली की केळी काळी पडतात. बस्स. यात ना बंदूक, ना राक्षस. पण सावद्यापासून साक्रीपर्यंत लोक तो खेळत होते. दिवसभर खरा ट्रक चालवून ढाब्यावर खाटेवर टेकलेला ड्रायव्हर विश्रांती म्हणून पुन्हा ट्रकच चालवायचा.

चित्रांच्या बाबतीत साडूचं एक शास्त्र होतं. ते त्यानं पाट्या रंगवताना स्वतःच तयार केलेलं. चित्र चालत्या एसटीतून ओळखू आलं पाहिजे. डोळे, नाक, पानाच्या शिरा हे सगळे फाजील लाड. त्यामुळे केळीगाडीतला ट्रक म्हणजे एक हिरवा ठोकळा, केळी म्हणजे पिवळा फराटा आणि ड्रायव्हर म्हणजे काचेमागचा काळपट ठिपका. नवीन चित्र झालं की तो फोन रबर लावून कंपाउंडच्या भिंतीला बांधायचा आणि मला स्कूटरवरून समोरून जायला लावायचा. "काय दिसलं?" "ट्रक." "रंग?" "हिरवा असावा." "पास!" एकदा मी "म्हैस" म्हणालो. त्यानं निमूटपणे आख्खा ट्रक नव्यानं काढला. दुसऱ्या दिवशी मला आठवलं की त्या वेळी भिंतीपुढे शेजाऱ्यांची म्हैसच उभी होती. मी अजून त्याला हे सांगितलेलं नाही. आता इथे वाचेल.

खेळात मदतीसाठी म्हणून त्यानं स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. तस्नीमनं डोक्याला हात लावला, पण तो म्हणाला, "पाटीखाली पेंटरचा नंबर असतोच, बेटा." लोक फोन करायचे आणि हा एक तारा देणाऱ्याचा पत्ता गोड बोलून काढून घ्यायचा. मग डझनभर केळी घेऊन थेट त्याच्या दारात. चाळीसगावला एकाकडे तो मलाही घेऊन गेला. दार उघडलं तसे हात जोडून म्हणाला, "तुम्ही एक तारा दिलात ना? तो मी." तो गृहस्थ इतका गडबडला की त्यानं आधी आम्हाला चहा पाजला आणि मग कोण म्हणून विचारलं. निघताना कळलं, त्याला खेळ फार आवडला होता. एक तारा म्हणजे पहिला नंबर, अशी त्याची समजूत. पाच तारे द्यायला तो म्हणे कधीच धजावला नसता, माणसाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा.

पण गेल्या वर्षी हवा बदलली. लोकांच्या हातात नवे, मोठ्या पडद्याचे फोन आले आणि अभिप्रायांचा सूर फिरला. "ट्रक आहे की काडेपेटी?" "केळं म्हणावं की काकडी, तेवढं सांगा." "भाऊ, चष्मा लावून पण बघितलं. ग्राफिक्स शार्प करा ना राव." एकानं नुसतंच लिहिलं होतं, "धुकं कधी जाणार?" एवढ्या लोकांकडे केळी घेऊन जायचं तर खरोखरचा ट्रकच लागला असता. साडू हट्टाला पेटला. म्हणाला, "एसटीतून बघा म्हणावं!" तेव्हा तस्नीम शांतपणे म्हणाली, "चाचा, एसटीतले लोकही आता फोनमध्येच बघतात." आणि तिनं पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं त्याच्यापुढे ठेवलं. लोक खेळ सोडून चालले होते. उन्हाळ्याच्या आत चित्रं सुधारली नाहीत, तर ती पुण्याला जाणार होती. तिच्याशिवाय साडूचा ट्रक जागचा हलणार नव्हता, हे मला कळत होतं, मग त्याला कळत होतंच.

मग मात्र त्यानं जो सपाटा लावला! सावद्याच्या एका बागेत आठवडाभर पाट टाकून बसला. घडाला किती फण्या, दांडा कुठे कापतात, चीक कुठे सांडतो, सगळं टिपून आणलं. ड्रायव्हरला आता चेहरा हवा होता आणि जवळपास फुकटात मिळणारा चेहरा माझाच होता. त्यानं मला ओसरीवर खुर्चीत बसवलं, हातात स्टिअरिंग म्हणून परात दिली आणि म्हणाला, "मिशी जरा वर. रस्त्याकडे बघा. आता शेळी आडवी आली!" दोन दिवस माझ्यापुढे शेळ्या आडव्या येत होत्या. मेहुणी येता-जाता तोंडाला पदर लावून हसत होती.

नवा खेळ आला आणि पहिल्याच दिवशी साडूचा फोन खणखणला. खुलून दिसावीत म्हणून त्यानं पानांच्या कडांना तपकिरी ठिपक्यांची छटा दिली होती. सबंध रावेर तालुक्याला वाटलं, बागेत करपा शिरला. "भाऊ, तिसऱ्या वळणावरची पानं कापून जाळून टाका, नायतर बठ्ठी बाग जाईन." एकानं फवारणीचं औषध सुचवलं, दुसऱ्यानं ते औषध निकामी आहे म्हणून भांडण काढलं, आणि खेळाच्या अभिप्रायांत चार दिवस नुसती कृषीचर्चा चालली. साडूनं रोग हटवला. मग ताऱ्यांचा नुसता पाऊस! आणि मी? मी आमच्या धुळ्यात ज्याला त्याला फोन उघडून दाखवत होतो. "मिशा जबरदस्त" असा एक अभिप्राय होता, तो मी बँकेतल्या शिपायापासून डेंटिस्टपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवला. तस्नीम खूश, साडू खूश, मी तर हवेतच.

अशातच एका रविवारी मी जळगावला त्याच्याकडे बसलो असताना फोन आला. त्यानं स्पीकर लावला. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अस्सल अहिराणी, "खेळवाला भाऊ ना तू?"

"हो अक्का, बोला."

"गाडी चांगली करी तू. बठ्ठं चांगलं दिखस. पन मन्हा पोऱ्या कोठे गया?"

साडूनं हळूहळू विचारत सगळं काढून घेतलं. अक्का धुळ्याच्या पुढे, साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या. एकुलता एक मुलगा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, सतत दिल्लीच्या वाटेवर. गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आला तो शेवटचा. जाताना त्यानं आईच्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला आणि म्हणाला, "हाई मन्ही गाडी शे, माय. तू चालाव." तेव्हापासून अक्का रोज गाडी चालवत होत्या. माल पोचवायची त्यांना घाई नव्हती. थोडं जायचं, कडुनिंबाखाली थांबवायची आणि काचेमागच्या त्या काळपट ठिपक्याकडे बघायचं. "त्या गाडीमा तो बठेल व्हता," अक्का म्हणाल्या. "आते त्यामा कोनी मिशीवाला बठेल शे."

मिशीवाला समोरच बसला होता. त्याला कुठे बघावं ते कळेना.

तस्नीमला सांगितलं तर ती आधी चिडली. "एका अक्कासाठी ड्रायव्हर पुसायचा? लोकांना तो आवडतोय, चाचा. परत धुकं आणलं तर सगळे जातील." तिचं चुकत नव्हतं. साडू आठ दिवस जुनी आणि नवी चित्रं पुढ्यात घेऊन बसला. एक तारा देणारा शंभर कोसांवर असला तरी हा त्याचा रुसवा काढायला जाई. पण अक्कांनी तर रुसवाच धरला नव्हता. त्यांनी पाच तारे दिले होते आणि फक्त मुलगा कुठे गेला ते विचारलं होतं. नवव्या दिवशी सकाळी, मेहुणी सांगते त्याप्रमाणे तोंडावर दाढीचा साबण तसाच ठेवून, तो मला फोनवर म्हणाला, "साडूभाऊ, रावेरहून निघालेल्या गाडीची काच कधी स्वच्छ बघितलीय तुम्ही?"

सगळं शार्प राहणार होतं. घड, फण्या, पान, शेळी, वरात, सगळं. फक्त ट्रकच्या पुढच्या काचेवर धूळ बसणार होती आणि तिच्यावर उन्हाची तिरीप पडणार होती. आत कुणीतरी आहे एवढं कळावं, कोण ते कळू नये. साडूला वाटलं, दुपारभराचं काम. पण तस्नीमला ती धूळ करायला तीन आठवडे लागले. धूळ खरी दिसेना. कधी पीठ सांडल्यासारखी वाटे, कधी काच फुटल्यासारखी. ती भुसावळच्या यार्डाबाहेर उभी राहून ट्रकच्या काचांचे फोटो काढत बसे आणि ड्रायव्हर तिला विचारत, "ताई, आरटीओ का?" पुण्याला तिनं मध्येच नाही म्हणून कळवून टाकलं. कारण विचारलं तर म्हणाली, "धूळ अर्धी टाकून जाऊ कशी?" शेवटी जमली. लोकांनी लिहिलं, "धूळ एकदम ओरिजिनल." माझ्या मिशांची चौकशी एकानंही केली नाही. हे मी केवळ नोंद म्हणून सांगतो, दुखावलो वगैरे अजिबात नाही.

अक्कांना तो नवा खेळ फोनमध्ये घालून द्यायला आम्ही दोघे माझ्या स्कूटरवरून त्यांच्या गावी गेलो. अक्कांनी पाणी दिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि फोन हातात घेऊन गाडी चालू केली. वरातीशी थांबल्या, शेळ्यांना जाऊ दिलं, कडुनिंबाखाली ब्रेक लावला. मग फोन अगदी डोळ्यांजवळ नेला. साडू नखं खात होता. इतक्या वर्षांत एक तारा देणाऱ्यापुढेही मी त्याला असा बसलेला बघितलेला नाही.

"बठेल शे," अक्का म्हणाल्या. "मन्हा पोऱ्या बठेल शे." आणि साडूकडे वळून, जराशा दमात, "काच पुसू नको हां, भाऊ."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मिशी त्यांनी नीट निरखली. "हाऊ तोच ना?" त्या म्हणाल्या. "तू भी चांगला शे रे. पन ती जागा तुन्ही नई." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

परत निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सूर्य आमच्या पाठीशी, आणि समोरून सुरतेकडे निघालेले ट्रक त्याच्याकडे तोंड करून येत होते. प्रत्येकाची काच नुसती चमकत होती. समोरून ट्रक आला की मागे बसलेला साडू माझ्या खांद्यावरचा हात काढून वर करायचा, अगदी ओळखीच्या माणसाला करावा तसा. काहींनी हॉर्न दिला, काही तसेच गेले. आत कोण होतं ते एकाही गाडीत दिसलं नाही. धुळं जवळ आलं होतं आणि ट्रक कमी व्हायला लागले होते, म्हणून मी स्कूटर जरा हळू घेतली.