टॉफीचं दुसरं टोक

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी गायकवाडमावशींचं नाव घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. तिलाही ते पटलेलं आहे. मावशी म्हटलं की मला आधी त्यांचे तळवे आठवतात. परातीत ओतलेला, कडेनं नुकताच थिजू लागलेला गुळाचा पाक त्या तूप लावलेल्या हातांनी भाकरीचं पीठ उचलावं तसा उचलायच्या. आपण बोट लावलं तर फोड यावा, इतका तो गरम असे. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटायचं नाही. म्हणायच्या, "पहिल्यांदा भाजतं. मग हात शहाणा होतो."

मावशी मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. काका केंद्र सरकारच्या एका खात्यात हेडक्लार्क, म्हणून संसार दिल्लीत, रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. लहानपणी मावशी मिशनच्या बोर्डिंगात शिकल्या. तिथल्या एका परदेशी बाईंनी मुलींना गुळाची टॉफी शिकवली होती. गूळ, जरासं पाणी, लिंबाचे थेंब, चमचाभर लोणी. पाक झाला की दोघींनी दोन टोकं धरून तो ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. काळपट पाक ओढता ओढता सोनेरी होतो, मग सायीच्या रंगावर येतो. तेव्हा कात्रीनं तुकडे करून पतंगी कागदात गुंडाळायचे. ही टॉफी एकट्यानं होत नाही. बोर्डिंगात ती नाताळच्या आदल्या दिवशी करत आणि तिथला रिवाज असा, की ज्या दोघींचं भांडण झालं असेल त्यांनाच समोरासमोर उभं करायचं. पाक गरम, एकीनं हात सोडला तर तो दुसरीच्या अंगावर येणार. म्हणून रुसलेल्या मुलीही निमूट ओढत राहायच्या आणि टॉफी पांढरी होईपर्यंत भांडण कशाचं होतं ते विसरून जायच्या.

मी दिल्लीत आलो तेव्हा देशाचा बाजार नुकता मोकळा झाला, असं वर्तमानपत्रं म्हणत होती. करमाळ्यात बी.कॉम. झालेला, घराण्यातला पहिला पदवीधर. मानेसरच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक नवा कारखाना निघाला होता, त्याच्या हिशेबखात्यात मला चिकटवून घेतलं होतं. राहायला गायकवाडांच्या मागची खोली. पहाटे धौला कुआँला जाऊन कंपनीची बस पकडायची आणि दिवसभर इंग्रजीत मान खाली घालून बसायचं. माझी हिंदी ऐकून लोक हसत, इंग्रजी ऐकून हसतही नसत. डिसेंबर लागला तेव्हा माझा धीर संपला. गावी जायचं तिकीट काढलं, पत्र्याची ट्रंक भरली आणि दुपारी मावशींचा निरोप घ्यायला गेलो.

मावशी गॅससमोर उभ्या होत्या. काकांचा उजवा खांदा तेव्हा आखडला होता. ते खुर्चीत शेकत बसले होते. मावशींनी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं, वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब सोडला, दोन बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हात धू आणि तूप लाव. ह्यांचा हात चालत नाही."

मी गाडीची वेळ सांगितली. त्यांनी पाक परातीत ओतलासुद्धा.

"दत्ता, गाडी रोज असते. पाक रोज जमत नाही."

मी दुसरं टोक धरलं. हात भाजले, डोळ्यांत पाणी आलं, ते कशानं आलं हे मला सांगता येणार नाही. मध्येच सोडता येईना, कारण सोडलं की ते दगड होतं. ओढता ओढता मावशींनी माझ्याकडून ऑफिसातलं सगळं काढून घेतलं: कोण हसतं, कशाला हसतं, मी काय उत्तर देतो. शेवटी म्हणाल्या, की उद्यापासून घरात माझ्याशी हिंदीत बोलायचं, चुकलं तरी चालेल, माझंही चुकतं. टॉफी पांढरी झाली तेव्हा गाडी सुटून गेली होती. मी दुसरं तिकीट काढलं नाही. पुढं अनेकदा विचारलं, की पाक त्या दिवशी मुद्दाम ठेवला होता का. मावशी दर वेळी डबा पुढं करायच्या. तोंडात ती टॉफी असली की माणसाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

दिल्लीच्या गुळावर त्यांचा राग होता. "दिसायला गोरा, पाकाला आळशी," म्हणायच्या. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात काकांच्या ओळखीचे एकजण होते. साहेबमंडळींबरोबर येणाऱ्या कुणाकडून ते गुळाची ढेप मागवत आणि काका ती बसमधून मांडीवर घेऊन येत. पाक उकळताना ढवळायचा नाही, नाहीतर रवाळ होतो, हा मावशींचा नियम होता, आणि तो त्यांनी माणसांनाही लावला होता. काका आणि मुलगा विजू यांच्यात ठिणगी पडली की आम्हाला बजावायच्या, "उकळत्याला ढवळू नका."

ती ठिणगी एकदा पेटली. विजूनं सरकारी परीक्षा द्यावी, असं काकांना वाटत होतं. विजू गुडगावच्या एका कॉलसेंटरमध्ये लागला. तिथं त्याला फोनवर घ्यायला एक गोरं नाव दिलं होतं. काकांनी ते ऐकलं आणि बोलणंच टाकलं. बापाची पेन्शनची वाट, मुलाची काचेच्या इमारतींची. एका घरात दोन देश झाले. मावशींनी कुणालाही समजावलं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी पाक ओतला आणि एक टोक काकांच्या हातात दिलं, दुसरं विजूच्या. काकांचा खांदा तेव्हा बरा होता. दोघं एकमेकांकडे न बघता ओढत राहिले.

मग काका म्हणाले, "जरा सैल सोड की."

"तुम्ही पण सोडा ना, पापा. बिल्कुल खेचताय यार."

"यार कुणाला म्हणतोस?"

मावशींनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "झालं. बोलले."

काका गेले ते निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत. क्वार्टर सोडावं लागलं. विजूनं गुडगावात उंचावरचा एक फ्लॅट घेतला होता, तिथं तो आईला घेऊन गेला. मीही तोवर नोकरीत वर चढलो होतो, लग्न झालं होतं. दर नाताळला जाऊन मी माझं टोक धरायचो. मावशींना ते घर आवडलं नाही, पण तक्रार करायच्या नाहीत. खिडकीतून खाली बघत एवढंच म्हणायच्या, की इथून माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त टाळू दिसते.

मग त्या विसरायला लागल्या. आधी नावं, मग दिवस. एकदा गुळाचं पातेलं गॅसवर ठेवून झोपल्या; घरभर धूर झाला. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा विजूनं शेगडीची बटणं काढून आपल्या कपाटात ठेवली. विजूची बायको स्वाती मला सांगत होती, की मावशी दिवसातून कितीतरी वेळा स्वयंपाकघरात जातात, बटणाच्या जागी उरलेल्या लोखंडी दांडीवर बोटं फिरवतात आणि परत येऊन बसतात. विजू तोंड फिरवून म्हणाला, "काय करू, तूच सांग ना."

त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्यानंच मला बोलावलं. बटणं परत बसवली. एकदा त्यांच्या हाताला आठवतंय का बघू, म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांवर त्याचा विश्वास उरला नव्हता, टॉफीवर होता. पाक मी केला. मावशी बाजूला उभ्या होत्या, मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. पण वाटीत थेंब सोडला तसा त्यांचा हात आपसूक पुढं आला. थेंब दाबून म्हणाल्या, "अजून."

पाक खरंच अजून उकळायला हवा होता. विजू दारातच खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पाहवेना.

तूप लावून त्यांनी टोक धरलं. हात सगळं जाणत होते: किती ओढायचं, कधी दुमडायचं. पाक सोनेरी झाला. मावशी एकदम थांबल्या, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि लाजल्यासारखं हसून विचारलं, "आपलं भांडण कशावरून झालं होतं गं?"

मी बोर्डिंगातली कुठली मुलगी होतो, देव जाणे. म्हटलं, आठवत नाही.

"मला पण नाही आठवत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मला घरी जायचंय. माझी गाडी चुकेल."

मी त्यांचंच वाक्य त्यांना दिलं. "मावशी, गाडी रोज असते."

त्यांना ते ओळखीचं वाटलं नाही. त्यांनी हात उघडले आणि दाराकडे निघाल्या. पाक फरशीवर पडला आणि आम्ही त्यांना आवरेपर्यंत दगड झाला. पुढं विजू उकिडवा बसून तो सुरीनं खरवडत होता. काम झाल्यावर त्यानं कुणाकडे न बघता शेगडीची बटणं काढून खिशात टाकली.

फोनवरच्या आवाजाला मावशी आता घाबरतात. मात्र हातात कागद दिला की शांत बसतात, घडी घालतात, उघडतात. म्हणून स्वातीनं मला पत्र लिहायला सांगितलं. ती त्यांना वाचून दाखवणार होती. त्यांच्या घरी नमस्काराला सलाम म्हणत, तसंच मी लिहिलं.

"प्रिय मावशी,

सलाम. मी दत्ता, तुमच्या मागच्या खोलीतला. ओळख पटली नाही तरी चालेल.

तुम्ही त्या दिवशी विचारलंत, आपलं भांडण कशावरून झालं होतं. मी नीट उत्तर दिलं नाही. आपलं भांडण झालंच नव्हतं. बाकी कुणाशी झालं असेल तर तेही मिटलेलं आहे, मी खात्री करून घेतली आहे.

मी इथं राहिलो, मावशी. माझी मुलगी हिंदी माझ्याहून चांगली बोलते. या थंडीत तिला टॉफी शिकवली. पहिल्यांदा तिचे हात भाजले. तिला तुमचं वाक्य सांगितलं.

तुम्हाला काही करायचं नाही. गूळ मी आणतो, ढवळत नाही, पाण्यात थेंब मी टाकतो. तुम्हाला वाटलं तर धरा, वाटलं तर सोडा. माझ्या अंगावर आलं तरी आता भाजत नाही.

गाडीचं मी बघतो. तुम्हाला स्टेशनवर मीच सोडीन. आधी हे संपवू."