कोसाभाऊ आणि चिडाची बोंडं

कोसाभाऊ गोदामात कधी चपला घालून शिरले नाहीत. चंद्रपूरच्या आमच्या वनखात्याच्या बियाणे गोदामात सागाचं बी, बांबूचं बी, उंदरांच्या लेंड्या, सगळंच पायाखाली यायचं. पण हा माणूस दाराशी चपला काढणार म्हणजे काढणार. मी तिथली कारकून, नवी आणि तोंडाची फटकळ. "देऊळ आहे का हे?" असं पहिल्याच आठवड्यात विचारून मोकळी झाले. "देऊळ नाई बाई, पन आत जीव हाय," ते म्हणाले.

ते आरमोरीकडचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळायचे, रेशमासाठी. किडे झाडावर चढवले की त्या रानात चपला घालायच्या नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही, असा त्यांच्याकडचा नेम. रेशमाच्या कोशाला तिकडे कोसा म्हणतात, म्हणूनच ते कोसाभाऊ. आमच्याकडे रोजंदारीवर बी निवडायचे. बियांत अळी सापडली की चिरडत नसत, पानावर घेऊन बाहेर सोडायचे आणि म्हणायचे, "जाय बाप्पा, तुह्या घरी." मला हसू यायचं, आणि काम तुंबलं असलं की रागही.

ऐंशी सालानंतरच्या एका फेब्रुवारीत हिमालयाकडून चीड, म्हणजे पाइन वृक्षाच्या शंकूसारख्या बोंडांची पोती आली. हे झाड आपल्याकडे रुजतं का, ते बघायचं होतं. थोड्या दिवसांनी पोती उघडली तर निम्म्या बोंडांना भोकं आणि आत अळ्या, बिया खाऊन मस्त गुबगुबीत. गोदामाचे साहेब तापले. गोदामातल्या घाणीनंच कीड लागली, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. "भोकाचं एकूणएक बोंड जाळा," म्हणाले. आणि कोसाभाऊंना कायम करण्याचा कागद, सहीला आलेला, खणात टाकून खण लावला. बारा वर्षं वाट पाहिली होती हो त्या कागदाची.

तीन आठवड्यांनी कोसाभाऊ मला मागच्या पडवीत घेऊन गेले. मच्छरदाणीच्या तुकड्याखाली एक टोपली होती.

"सारी नाई जाळली मी, बाई. जिता किडा आमच्यात जाळत नाई."

आत भोकाची बोंडं, आणि जाळीला चिकटलेले राखाडी पतंग, पंखांवर नागमोडी रेघा. ह्या गृहस्थांनी अळ्यांना ऐनाची पानं घालून पाहिली होती. त्यांनी तोंडसुद्धा लावलं नव्हतं. कोशातून धागा निघतो का, तेही करून झालं होतं. "कोसा काई कामाचा नाई याचा," ते जरा नाराजीनंच म्हणाले.

मग त्यांनी एक बोंड माझ्यापुढे धरलं. भोकाच्या तोंडाशी राळ ओघळून वाळली होती. "हे पाहा. वाळल्या लाकडाले डिंक सुटते का? बोंड झाडावर होतं तवाच भोक पडलं. किडा तिथूनच आला."

"मग साहेबांना दाखवा ना."

"दाखवलं का जाळलं नाई हे मालूम होईन."

तीन-चार चुकून राहिली म्हणा, असं मी सुचवलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. टोपली उचलून ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मागोमाग मी.

"साहेब, तुमचं आयकलं नाई मी," इथून त्यांनी सुरुवात केली.

साहेबांनी एकेक बोंड खिडकीशी नेऊन पाहिलं. राळेवरून नख फिरवलं. मग खण उघडून कागदावर सही केली आणि म्हणाले, "चुकलो मी. तुम्हीही चुकलात. पण माझी चूक मोठी."

उरलेल्या बियांची थोडी रोपं उगवली, ती मे महिन्यात करपली. "थंड्या मुलखाचं लेकरू, इथी काऊन आनलं?" कोसाभाऊ दोन दिवस हळहळत होते.

पुढे ते रीतसर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार घेऊन सगळे अंगणात थांबले, तर हे गोदामात एक चक्कर मारायला निघाले. मी आतच होते, यादी करत. दाराशी ते थबकले. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला होत्या. मी त्या कधीपासून दाराशी काढत होते, ते मलाही सांगता आलं नसतं. वाकून त्यांनी माझ्या चपला वळवून ठेवल्या, बाहेर येताना पायात सरकवता येतील अशा, आणि शेजारी आपल्या काढल्या.